सातबारा : वस्तू की दृश्य? वस्तुकेंद्री आज्ञावलीतील माहिती आणि मांडणी यांच्या विभाजनाची चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजेच वस्तुकेंद्री, प्रोग्रॅमिंग शिकविताना पहिल्या काही तासिकांतच एक उदाहरण हमखास फळ्यावर येते. 'शेप' नावाचा एक मूळ वर्ग, त्यापासून निघालेले 'सर्कल' आणि 'रेक्टँगल' हे उपवर्ग आणि प्रत्येकाची आपापली 'ड्रॉ' ही क्रिया. वर्तुळ स्वतःला वर्तुळासारखे काढते, आयत आयतासारखा. सांगणाऱ्याने फक्त 'काढ' एवढेच म्हणावयाचे. बहुरूपता ही संकल्पना समजावून देण्यासाठी हे उदाहरण इतके सोयीचे आहे की सी प्लस प्लस असो वा जावा, त्याच्यावाचून पाठ पुरा होत नाही. मात्र याच उदाहरणातून विद्यार्थ्याच्या मनावर आणखी एक गोष्ट ठसते, आणि ती कोणी मुद्दाम शिकविलेली नसते. स्वतःला दाखविणे हे वस्तूचेच काम आहे, ही ती गोष्ट होय.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात या समजुतीची फळे दिसतात. 'विद्यार्थी' हा वर्ग तयार होतो. त्यात नाव, बैठक क्रमांक आणि गुण असतात. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्याची क्रिया असते. आणि त्यातच 'गुणपत्रक छापा' हीही क्रिया असते. पुढे गुणांऐवजी श्रेणी छापावयाची ठरली, कागदाचा आकार बदलला किंवा तेच गुणपत्रक पडद्यावर दाखवावयाचे झाले, की प्रत्येक वेळी 'विद्यार्थी' हा वर्ग उघडावा लागतो. कागदाच्या समासाची दुरुस्ती करताना उत्तीर्णतेच्या नियमाला धक्का लागू शकतो, ही गोष्ट संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकासही खटकावी अशी आहे. परीक्षा विभागात निकाल ठरविणारा आणि गुणपत्रक छापणारा यांची कामे वेगळी असतात. आज्ञावलीत मात्र ती एकाच माणसाकडे दिलेली असतात.

माहिती धारण करणारी वस्तू आणि ती माहिती दृश्य रूपात मांडणारी यंत्रणा यांची जबाबदारी वेगळी असावी, हा विचार नवा नाही. तथापि तो मराठी वाचकापुढे येतो तेव्हा बहुधा परदेशी उदाहरणे घेऊन येतो. वास्तविक या प्रश्नाचे एक अस्सल उदाहरण महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी, ट्रंकेत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असते. ते म्हणजे सातबारा उतारा. प्रस्तुत लेखातील विवेचन या उताऱ्याच्या नमुन्याविषयी, म्हणजे कागदावर जे दिसते त्याविषयी आहे. कोणत्याही खात्याच्या अंतर्गत आज्ञावलीची ही परीक्षा नव्हे.

एका कागदावरील दोन नोंदवह्या :

'सातबारा' नावाची कोणतीही नोंदवही महसुली कायद्यात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि तिच्याखालील 1971 च्या अधिकार अभिलेखविषयक नियमांनुसार गावपातळीवर निरनिराळे नमुने ठेवले जातात. त्यांतील गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आहे. जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकार किती, भोगवट्याचा वर्ग कोणता, इतर अधिकार कोणाचे, हे तो सांगतो. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणते पीक, जलसिंचित की अजलसिंचित, पाण्याचे साधन कोणते, हे तीत असते. दोन्ही नोंदी एकाच गट क्रमांकाशी निगडित असल्याने त्या एका कागदावर वर-खाली छापल्या जातात आणि लोकव्यवहारात त्या जोडकागदाला सातबारा म्हटले जाते.

या दोन नोंदींची प्रकृती मात्र मुळातच भिन्न आहे. नमुना सातमधील बदल फेरफारावाचून होत नाही. खरेदी, वारस, वाटप, बोजा असे काहीही असो, त्याची नोंद प्रथम गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत होते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी मुदत ठेवली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच तिचा अंमल सातवर येतो. नमुना बाराचे तसे नाही. पूर्वी तलाठी (2024 पासून या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले) प्रत्यक्ष पाहणी करून तो भरीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवू लागला. बेलापूर परिसरातील एखाद्या गटात ऊस मोडून सोयाबीन पेरले तर बारा बदलतो, सात जागचा हलत नाही. बाप वारला आणि मुलांची नावे लागली तर सात बदलतो, उभ्या पिकाला त्याची वार्ताही नसते.

आता एखाद्या विद्यार्थ्याला या विषयावर वर्गरचना करावयास सांगितली, तर तो सर्वप्रथम 'सातबारा' नावाचाच वर्ग लिहितो. त्याच्या डोळ्यासमोर कागद असतो आणि कागदालाच तो वस्तू समजतो. मालकीचे आणि पिकाचे गुणधर्म एकत्र येतात, त्यांच्या शेजारी 'उतारा छापा' ही क्रिया येऊन बसते. येथे चूक आज्ञावलीच्या भाषेची नाही, तर नामाची आहे. सातबारा हे एका वस्तूचे नाव नसून दोन वस्तूंच्या एका दृश्याचे नाव आहे. 'जमिनीचा अधिकार' ही एक वस्तू, 'हंगामाची पीकनोंद' ही दुसरी, आणि सातबारा म्हणजे त्या दोहोंना विशिष्ट दिवशी, विशिष्ट मांडणीत दाखविणारा कागद. आठ-अ म्हणजे खाते उतारा, हे त्याच माहितीचे दुसरे दृश्य : तेथे गटाऐवजी खातेदार मध्यभागी येतो आणि त्याच्या सर्व जमिनी एकत्र दिसतात. एकच माहिती दोन दिशांनी पाहता यावी, ही सोय हाताने लिहिण्याच्या काळातही महसूल यंत्रणेला सुचलेली होती. फरक इतकाच, की तेव्हा दुसरे दृश्य हाताने नकलून काढावे लागे आणि नकलताना ते मूळ नोंदीशी विसंगत होण्याचा संभव राही.

नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर या त्रयीची कल्पना टिपणांच्या रूपाने मांडली. तिचा मूळ हेतू फार साधा होता. माणसाच्या मनात कामाचे एक चित्र असते आणि संगणकात त्याचे प्रतिरूप असते. या प्रतिरूपाकडे वेगवेगळ्या गरजेनुसार वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहता यावे, हा तो हेतू. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत ही त्रयी बहुधा तीन चौकोन आणि चार बाणांच्या आकृतीपुरती उरते. सात, बारा, आठ-अ आणि सहा यांचे परस्परसंबंध वर्गात मांडले तर तीच आकृती ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला घरची वाटेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

कंस आणि आडवी रेष :

हस्तलिखित सातबाऱ्यावर कंसाला मोठे महत्त्व होते. फेरफार मंजूर झाला की जुन्या खातेदाराच्या नावाला कंस केला जाई आणि नवे नाव फेरफार क्रमांकासह त्याच्याखाली लिहिले जाई. 'नावाला कंस झाला' हा शब्दप्रयोग ग्रामीण मराठीत हक्क संपल्याचाच वाचक आहे. म्हणजे कंस हे विरामचिन्ह नव्हते. ती कायदेशीर स्थिती होती, फक्त ती चिन्हाच्या रूपाने कागदावर राहत होती.

संगणकीकरणाच्या दृष्टीने येथे कसोटीचा प्रसंग येतो. कंस हा नावाच्या रकान्यात अक्षर म्हणून टंकित केला, तर 'या गटाचे आजचे खातेदार कोण?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संगणकाला नावातील चिन्हे वाचीत बसावे लागते. एखाद्या माणसाच्या नावापुढे उपनाम कंसात लिहिलेले असेल, तर त्याचा हक्कच संपला असा अर्थ निघू शकतो. याउलट 'नोंद कमी झाली, अमुक फेरफाराने, अमुक दिवशी' ही स्थिती स्वतंत्र माहिती म्हणून ठेवली, तर ती कंसाने दाखवावयाची की अन्य रीतीने, हा प्रश्न निव्वळ मांडणीचा उरतो.

2020 साली राज्य शासनाने सातबाऱ्याच्या नमुन्यात जे बदल केले, त्यांचे वाचन या दृष्टीने उद्बोधक ठरते. वृत्तपत्रांनी त्यांची यादी सलग दिली आणि वाचकांनीही ती एकजिनसी मानली. परंतु ते बदल निरनिराळ्या जातींचे आहेत. कमी झालेल्या नोंदींना नुसता कंस न ठेवता त्यांवर आडवी रेष मारलेली दाखवावयाची, तसेच दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठळक रेषा यावी, हे शुद्ध दृश्याचे बदल होत. लागवडयोग्य क्षेत्र आणि पोटखराब क्षेत्र यांची बेरीज करून एकूण क्षेत्र छापणे हा व्युत्पन्न माहितीचा बदल आहे. बेरीज साठविण्याची गरज नाही, ती प्रत्येक वेळी करता येते आणि करावीच, कारण साठविलेली बेरीज घटकांशी कधी ना कधी भांडते. फेरफार प्रलंबित नसल्यास तसे स्पष्ट छापणे हेही व्युत्पन्नच, पण त्यासाठी सातला सहाकडे चौकशी करावी लागते. गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक देणे हा मात्र मांडणीचा बदल नव्हेच. तो ओळखीचा, म्हणजे माहितीच्या पायाचाच बदल आहे, जरी कागदावर तो नावापुढील चार-सहा अंकांइतकाच दिसत असला तरी.

राज्यात सुमारे 44 हजार गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. मांडणी आणि माहिती वेगळ्या असतील, तर ठळक रेषेसाठी एका ठिकाणी बदल पुरतो. त्या एकमेकींत मिसळलेल्या असतील, तर प्रत्येक नोंदीला हात लागतो, आणि प्रत्येक हात लागण्यात चुकीची शक्यता असते. हा केवळ आज्ञावलीकाराच्या श्रमाचा हिशेब नाही. संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. छपाईच्या ओघात नोंद बिघडली तर ती बिघडलेली नोंदच खरी ठरते, आणि ती चुकीची आहे हे सांगण्याचा भार शेतकऱ्यावर पडतो. लेखनदोष दुरुस्त करण्यासाठी कलम 155 आहे. परंतु त्यासाठी अर्ज, चौकशी आणि आदेश हा मार्ग चालावा लागतो. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारे जुळविण्यासाठी 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले, एडिट आणि री-एडिट या दुरुस्ती-प्रणाली वापराव्या लागल्या. नोंद डोळ्यांनी पाहून नव्हे तर मोठ्याने वाचून पडताळावी, ही चावडी वाचनाची कल्पना येथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे : वाचताना कागदाची मांडणी गळून पडते आणि उरते ती फक्त माहिती.

क्षेत्राचा रकाना हा याच प्रश्नाचा आणखी एक, आणि अधिक नाजूक, नमुना. अभिलेखात क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते, बोलण्यात ते एकर-गुंठ्यांत असते. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजे 40.47 आर. समजा एखाद्या प्रणालीने शेतकऱ्याच्या सोयीसाठी एकर-गुंठ्यांचे दृश्य दिले आणि त्याच दृश्यातून भरलेला आकडा पूर्णांक आरमध्ये करून मूळ नोंदीत परत लिहिला. 1 एकराचे 40 आर झाले आणि 0.47 आर, म्हणजे 47 चौरस मीटर, सुमारे 500 चौरस फूट जमीन कोणी न विकता नाहीशी झाली. बांधाच्या हातभर जागेवरून जेथे भावाभावांत दावे चालतात, तेथे ही रक्कम लहान नाही. दृश्याने माहितीकडे पाहावे. दृश्याच्या सोयीसाठी केलेले रूपांतर माहितीत परत शिरू नये. हे तत्त्व ग्रंथात वाचताना कोरडे वाटते, गुंठ्यांत मोजले की कळते.

अक्षर आणि त्याचे रूप :

मराठी भाषेच्या अभ्यासकांना या विषयाशी आपला काय संबंध असे वाटू शकेल. वस्तुतः महाराष्ट्रात माहिती आणि मांडणी यांच्या सरमिसळीचा सर्वांत मोठा फटका बसला तो मराठी मजकुरालाच. 1990 च्या दशकापासून श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत लाखो पाने टंकित झाली. या टंकांत संगणक साठवीत असे ते अक्षर नव्हे, तर अक्षराच्या आकाराचा तुकडा : काना, वेलांटी, अर्धा क, रफार. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते म्हणून ती साठविलीही आधीच जाई. टंक बदलला की मजकुराचा चिखल होई. अकारविल्हे लावता येत नसे, शोध घेता येत नसे. पुष्कळ महाविद्यालयांच्या जुन्या नियतकालिकांच्या फाईल आज उघडत नाहीत किंवा उघडल्या तरी वाचता येत नाहीत, त्याचे कारण हेच. तेथे मजकूर नव्हताच. मजकुराचे चित्र होते.

भारतीय मानक ब्युरोचे इस्की मानक (1991) आणि त्याच सुमारास आलेले युनिकोड यांनी हा क्रम उलटविला. साठवावयाचे ते वर्ण, उच्चाराच्या क्रमाने. आकार ठरविणे हे टंकाचे काम. 'कि' मध्ये आधी क आणि मागाहून इकार साठविला जातो, दाखविताना तो पुढे आणला जातो. पुण्याच्या सी-डॅकने इस्कीच्या घडणीत आणि प्रसारात केलेले काम या दृष्टीने वस्तुकेंद्री रचनेच्या पाठ्यपुस्तकातच समाविष्ट व्हावे, इतके ते उचित उदाहरण आहे. मराठीचा ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, 2009 च्या शासन निर्णयाने ती प्रमाण ठरविली. तरीही त्यांचे संकेतांक हिंदीतील ल आणि श यांचेच आहेत. वर्ण एक, रूपे दोन, आणि निवड भाषेनुसार टंकाने करावयाची. विभाजनाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

पण याच ठिकाणी विभाजनाच्या भक्तांना थांबविणारा एक वर्णही मराठीतच आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत दिसणारा फरक हा केवळ वळणाचा आहे काय? पहिल्यांना गुरुदक्षिणा द्यावयाची आणि दुसऱ्यांना स्वयंपाकाचे पैसे, हे जो जाणतो तो तसे म्हणणार नाही. रफार आणि अर्धा र हे रूपभेद वाटतात, पण अर्थ पालटतात. म्हणून तो भेद टंकावर सोपवून चालत नाही, तो माहितीतच असावा लागतो. युनिकोडने त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरण्याची सोय केली. तथापि साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊनही तेच रूप उमटते. परिणामी राहाता तालुक्यातील कोऱ्हाळे हे गाव दोन प्रकारे साठविता येते. पाहणाऱ्याला दोन्ही नावे एकच दिसतात, संगणकाला ती दोन भिन्न गावे वाटतात आणि शोध रिकामा परततो. श्रीलिपीच्या काळात रूपे भिन्न असल्याने माहिती बिघडत होती. येथे रूप एक असूनही माहिती दुभंगते. कोणती गोष्ट आशय आणि कोणती मांडणी, याची सीमा निसर्गतः आखलेली नसते, ती भाषा किंवा तो व्यवहार जाणणाऱ्याने आखावी लागते. संगणकशास्त्राच्या विभागाने मराठीच्या विभागाचे दार ठोठवावे, असा हा प्रसंग आहे.

विभाजनाच्या आग्रहाची दुसरी बाजू :

आज्ञावलीच्या क्षेत्रात विभाजनाचा पुरस्कार जोरकसपणे झाला आहे. डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालीच घटकांची विभागणी बदलण्याजोग्या निर्णयांच्या आधारे करावी, असे प्रतिपादन केले होते. रॉबर्ट मार्टिन यांनी 2000 नंतरच्या आपल्या लेखनात वर्गाला बदलण्याचे कारण एकच असावे, असे सूत्र मांडले, आणि त्यासाठी घेतलेले उदाहरण आयताचेच होते : क्षेत्रफळ काढणारा आणि स्वतःला पडद्यावर रेखाटणारा आयत. म्हणजे आपल्या फळ्यावरील उदाहरणाचे खंडन त्याच उदाहरणाने झालेले आहे. ते फळ्यापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

परंतु हा आग्रह टोकाला गेला की त्यातून दुसरा दोष उद्भवतो. दाखविण्याचे काम बाहेर काढावयाचे, तर बाहेरच्याला आतली माहिती मिळाली पाहिजे. मग प्रत्येक गुणधर्मासाठी 'घे' आणि 'ठेव' अशा क्रिया लिहिल्या जातात, आणि वस्तू म्हणजे उघड्या कप्प्यांची फडताळ होऊन बसते. मार्टिन फाउलर यांनी 2003 साली अशा रचनेला रक्तक्षयी मॉडेल म्हणून हिणविले. त्याच वर्षी अॅलन होलब यांनी याहून कडक भूमिका घेतली. वस्तूकडून माहिती मागून घेऊन काम करू नये, ज्याच्याजवळ माहिती आहे त्यालाच काम सांगावे, असे त्यांचे म्हणणे. आणि त्या न्यायाने आपले दृश्य कसे असावे हेही वस्तूच जाणते, असे ते मानतात.

होलब यांचा आक्षेप सहज झटकून टाकता येणार नाही, हे भोगवटादार वर्ग दोनच्या उदाहरणावरून पटावे. श्रीरामपूर तालुक्यात हा विषय पुस्तकी नाही. हरेगाव आणि टिळकनगर येथील साखर कारखान्यांकडील जमिनी, 1963 साली स्थापन झालेले शेती महामंडळ आणि खंडकऱ्यांना जमिनी परत मिळण्याचा दीर्घ लढा यांमुळे वर्ग एक आणि वर्ग दोन यांतील अंतर येथील पिढ्यांना पाठ आहे. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. आता ही अट 'इतर अधिकार' या रकान्यात छापावयाचा शेरा आहे, की जमिनीच्या वस्तूचे वर्तन आहे? ती केवळ छापण्याची ओळ म्हणून साठविली, तर उताऱ्यावर ती दिसेल. पण फेरफार भरणाऱ्याला यंत्रणा अडविणार नाही. वाचणाऱ्याच्या नजरेवर सर्व भिस्त राहील. ती वर्तन म्हणून वस्तूत बांधली, तर परवानगीचा आदेश दिल्यावाचून वस्तू हस्तांतरास नकार देईल, आणि उताऱ्यावरील शेरा हा त्या नकाराचा फक्त फलक असेल. माहितीची वस्तू आणि मांडणी वेगळ्या करणे याचा अर्थ वस्तूला मुकी आणि निर्जीव करणे असा घेतला, तर नेमके हे वर्तन बाहेर सांडते. बाहेर कोठे सांडते? बहुधा दृश्यात : पडद्यावरील एखादे बटण वर्ग दोनसाठी निष्क्रिय केले जाते आणि काम झाले असे मानले जाते. दुसरा पडदा आला, त्यावर ते बटण करावयाचे राहून गेले, की अटही राहून जाते.

या दोन टोकांमध्ये निवड करावी लागते असे नाही. होलब यांनीच 2004 च्या आपल्या ग्रंथात एक तोडगा दिला आहे, आणि तो त्यांच्या कडक भूमिकेपेक्षा अधिक टिकाऊ आहे. वस्तूने आपले कप्पे उघडे टाकू नयेत आणि स्वतःचे चित्रही काढू नये; तिने आपले म्हणणे एका लेखनिकाला सांगावे. लेखनिकाकडे 'नाव लिहा', 'क्षेत्र लिहा', 'स्थिती लिहा' एवढ्या क्रिया असतात. काय सांगावयाचे आणि काय सांगावयाचे नाही, हे वस्तू ठरविते. ते कंसात लिहावयाचे, रेषेखाली की मोबाईलच्या पडद्यावर, हे लेखनिक ठरवितो. लेखनिक बदलला तरी जमिनीला त्याचा पत्ता लागत नाही. गावकामगार तलाठ्यासमोर बसून जबाब देणारा खातेदार आणि तो जबाब ठराविक नमुन्यात उतरवून घेणारा तलाठी हे नाते मराठी विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

अर्थात याला किंमत आहे. लेखनिकाच्या क्रियांची यादी एकदा ठरली की तीच करार होऊन बसते. खातेदाराच्या नावासोबत खाते क्रमांक दाखवा, अशी नवी मागणी आली तर वस्तू आणि सर्व लेखनिक या दोघांनाही हात लावावा लागतो. लहान प्रकल्पात, जेथे एकच दृश्य आहे आणि दुसरे येण्याचा संभव नाही, तेथे एवढा खटाटोप कशासाठी, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे आणि तेथे त्याला 'छापा' ही क्रिया वर्गातच लिहू द्यावी. विभाजनाला मोल येते ते दोन बाजू निरनिराळ्या कारणांनी आणि निरनिराळ्या लोकांच्या हातून बदलतात तेव्हा. सातबाऱ्यात अधिकार बदलतो तो प्रमाणित फेरफाराने, पीक बदलते ते हंगामाने, नमुना बदलतो तो शासन निर्णयाने. तिन्हींचे कर्ते वेगळे आणि वेळाही वेगळ्या.

बेलापूर या नावाविषयी :

नावाचा प्रश्न शेवटी घेतला तो मुद्दाम, कारण तो वाटतो तितका सोपा नाही. प्रवराकाठचे बेलापूर हे गाव महसुली दफ्तरात बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द असे दोन आहेत. श्रीरामपूर शहरातील रेल्वे स्थानकाला रेल्वेने नाव दिले ते बेलापूर, आणि गाव तेथून काही किलोमीटरवर. मुंबईकराला बेलापूर म्हटले की नवी मुंबईतील बेलापूर आठवते. म्हणजे येथे नाव ही ओळख नव्हे; ते एक दृश्य आहे, आणि पाहणारा बदलला की ते दुसऱ्याच वस्तूकडे बोट दाखविते. गावाला स्वतंत्र संकेतांक देण्याची उपयुक्तता येथे आपोआप सिद्ध होते : वस्तूची ओळख संकेतांकाने, नाव केवळ दाखविण्यापुरते.

2024 साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा हीच युक्ती पुरेशी वाटावी. प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव अक्षरांनी लिहिलेले असेल तर लाखो नोंदी बदलाव्या लागतील. संकेतांक असेल तर एका तक्त्यातील एक ओळ बदलली की सर्व उताऱ्यांच्या मथळ्यावर नवे नाव येईल. परंतु त्याच तक्त्यावरून 1998 सालच्या खरेदीखताची प्रत काढली आणि तिच्या मजकुरातही जिल्हा अहिल्यानगर असा उमटला, तर ती प्रत खोटी होईल. कारण त्या दिवशी पक्षकारांनी ज्यावर सही केली त्यात ते नाव नव्हते. तेव्हा नाव हे निव्वळ मांडणीत ढकलूनही भागत नाही. नाव, ते कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या दिवसापर्यंत, ही माहिती वस्तूपाशी ठेवावी लागते, आणि कोणत्या तारखेचे नाव दाखवावयाचे ते दृश्याने विचारावे लागते. अशा प्रतीच्या मथळ्यावर, जेथे प्रत देणाऱ्या कार्यालयाचा पत्ता असतो, तेथे अहिल्यानगर आणि आतील मजकुरात अहमदनगर अशी दोन्ही नावे एकाच कागदावर, एकाच संकेतांकातून, आली पाहिजेत.